दुचाकीवरचा मुराळी

माघ शुद्ध ३, शके १७९०. अमरावती.

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं आहे. फ्रान्सात म्हणे दुचाकीवरून गावोगाव हिंडणारा प्रत्येक माणूस अशी वही ठेवतो. कुठे काय खाल्लं, कुठे मुक्काम केला, कुठे आपटलो, सगळं त्यात लिहितो. माझ्याकडे दुचाकी आली आहे, तेव्हा वही ओघानंच आली.

दुचाकी आली ती अशी. कापूस खरेदीसाठी एक फ्रेंच साहेब आमच्या वखारीशेजारी राहत होते. अमेरिकेतली लढाई संपून भाव उतरले, तसं साहेबांचं वऱ्हाडावरचं प्रेमही उतरत गेलं, आणि परवा ते बिछाना गुंडाळून मायदेशी निघाले. जाताना हे यंत्र मला देऊन गेले. ही मैत्रीची खूण आहे असं मी समजतो. आमचा गाडीवान पुंजाराम म्हणतो की आगगाडीच्या गार्डानं ते चढवून घेतलं नाही म्हणून. पुंजारामला मैत्रीतलं काही कळत नाही.

दोन लाकडी चाकं, एकामागे एक, त्यांना लोखंडी धावा. पुढच्या चाकालाच पाय मारायच्या दांड्या. मध्ये चामड्याची बैठक, तीही अशी की बसल्यावर आपल्या सगळ्या हाडांची ओळख पटते. सोबत चामड्याची पिशवी, तेलाची कुपी, एक पाना आणि पितळी कंदील. साहेब सांगत, त्यांच्याकडचे लोक एवढ्या सामानावर पॅरिसपासून समुद्रापर्यंत जातात, वाटेत खाणावळीत उतरतात आणि द्राक्षाची दारू पितात. वऱ्हाडात अजून बडनेऱ्यापर्यंतसुद्धा कोणी असं गेलेलं नाही. म्हणजे पहिला मान माझा.

माघ शुद्ध ६

तीन दिवस सराव केला. कापूस बाजारात मोकळी जागा आहे आणि पडलं तर कापसावर पडता येतं, म्हणून तिथे गेलो. बाजारातल्या कापसाच्या गाड्या सोडून मी बाकी सगळ्यावर पडलो.

दलाल मंडळींनी खरेदी थांबवून पाहिलं. देवीदास दलाल, जो भाव बोटांच्या खुणेनं सांगतानासुद्धा हात रुमालाखाली झाकून ठेवतो, तो उघडपणे पोट धरून हसत होता. पुंजाराम मागून धरून पळायचा. शेवटी घाम पुसत म्हणाला, "भाऊ, हे गाडी तुमाले नेऊन राहिली का तुमी इले?" अशिक्षित माणसाशी वाद घालू नये.

संध्याकाळी मात्र वखारीपासून वेशीपर्यंत न पडता गेलो. परतताना वळता आलं नाही, म्हणून उतरून फिरवली.

माघ शुद्ध ८

घरात रडारड आहे. माझी बहीण सुभद्रा अकोल्याला दिलेली आहे. तिची पहिलीच खेप, सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, आणि आठवा लागला की गरोदर बाईनं वेस ओलांडायची नसते. म्हणजे हा माघ संपायच्या आत ती घरी आली पाहिजे. आम्ही दोनदा माणूस पाठवला. तिच्या सासूनं, पार्वताबाईनं, दोन्ही वेळा गुळपाणी देऊन परत पाठवला. "आमची सून आमी सांभाळू," एवढाच निरोप.

आमचे वडील नाहीत, तिला सासरा नाही, तेव्हा तिकडे ही बाई बोलेल तीच पूर्व दिशा. आणि सांभाळण्याचं म्हणाल तर तिच्या थोरल्या मुलाची बायको बाळंतपणातच गेली, हे अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. मायच्या डोळ्यापुढे तेच येतं. काल भाकरी थापताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "थ्या घरात माही पोरगी जीव सोडन, भगवंता."

मी म्हणालो, चाकराला पाठवून काय होणार? मी स्वतः मुराळी म्हणून जातो. भाऊ न्यायला आला तर नाही म्हणणं सासरला जड जातं. मायचा चेहरा उजळला. मग मी म्हणालो, दुचाकीवरून जातो. तो लगेच मावळला.

"मुराळी असा जाते का? डोक्शावर पागोटं पायजे, हातात शिदोरी पायजे, दारात दमणी उभी रायली पायजे."

मी समजावलं. छत घातलेली दमणी पुंजाराम हाकेल, शिदोरी तिच्यात असेल, मी फक्त पुढे दुचाकीवर असेन. आगगाडीनं एका दिवसात काम झालं असतं, पण पार्वताबाईंच्या मते आगगाडीच्या धुरानं पोटातलं पोर काळवंडतं. बाकीचं शास्त्रही त्यांना असंच पाठ असावं.

माय म्हणाली, "काय कराचं थे कर. पन तिले घिऊन ये." डिंकाचे लाडू बांधायला बसली आहे. विहिणीसाठी लुगडंही काढलं आहे, वर दोन शिव्या घालून घडी केली.

माघ शुद्ध १०. कुरूम.

निघालो. अख्खी गल्ली निरोप द्यायला आली होती. माझ्यावरचं प्रेम असं एरवी दिसत नाही.

फ्रान्सातल्या रस्त्यांबद्दल साहेब फार बोलायचे. आमच्या रस्त्याबद्दल ते गप्प का राहायचे ते आज कळलं. काळ्या मातीत कापसाच्या गाड्यांनी गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या आहेत. बैलगाडीची दोन चाकं दोन चाकोऱ्यांतून जातात. माझी दोन्ही एकाच चाकोरीत, आणि तीतून बाहेर पडायचा रस्ता पुढच्या गावापर्यंत नाही. समोरून गाड्यांची रांग आली की मी उतरायचं, दुचाकी उचलून शेतात ठेवायची, रांग जाऊ द्यायची, परत उचलून आणायची. मग पुढची रांग.

बडनेऱ्यानंतर पुंजारामनं न विचारता दुचाकी दमणीवर चढवली. पुढचा प्रवास ती बसून आली आणि मी बाजूनं चालत. तरीही ज्या अर्थी दुचाकी कुरूमला पोचली आहे, त्या अर्थी अमरावती ते कुरूम हा पल्ला दुचाकीनं झाला असं लिहायला हरकत नाही.

माघ शुद्ध ११. मूर्तिजापूर.

एकादशी. पडण्याचाही उपास घडला, कारण रस्ता खडीचा निघाला आणि मी अर्धा दिवस खरोखर चालवत आलो. गावात शिरलो तर पोरंसोरं, म्हातारे, कुत्री, सगळी मागे. एका म्हातारीनं दुचाकीला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "याले चारा काय देता?" मी तेलाची कुपी दाखवली. तिला पटलं.

आता एक कल्पना सुचली आहे. दमणीच्या मागे मागे रांगत जाण्यात काय शोभा? उद्या आपण पुढे निघावं. पार्वताबाईंच्या दारात दुचाकीवरून उतरलो की बाई अशा दिपतील की नाही म्हणायला तोंड उघडणार नाही. शिदोरी संध्याकाळपर्यंत मागून येईलच. पुंजाराम म्हणाला, "मुराळी मोकळ्या हातानं नाई जात, भाऊ." मी म्हटलं, जमाना बदलला आहे.

माघ शुद्ध १२. अकोला.

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

बोरगावच्या अलीकडे काटेपूर्णेचा उतार आहे. उतारावर दुचाकीच्या दांड्या आपोआप फिरू लागतात आणि आपण त्या फक्त पाहायच्या असतात. पागोट्याचा शेमला मागच्या चाकात गेला. चाकानं तो गुंडाळायला घेतला, आणि क्षणात अख्खं पागोटं डोक्यावरून सुटून चाकात. मग मी, दुचाकी आणि पागोटं असे तिघे नदीत. एक जोडा गाळात गेला. एकाच जोड्यावर चालणं बरं दिसेना, म्हणून दुसरा मी आपणहून सोडला. चाकाच्या दोन आऱ्या मोडल्या. यंत्र बोरगावच्या लोहाराकडे टाकलं. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे मोडलं हाये का असंच असते?"

तिथून अकोला पायी. कापसाच्या गाड्यांचा फुफाटा डोळ्यांत जाऊन डोळे लाल, पाण्याची धार लागलेली. घसा असा कोरडा की शब्द फुटेना. मोर्णा ओलांडून जुन्या गावात शिरलो. लोक वाट सोडून बाजूला उभे राहायचे. एकदोघांनी हात जोडले. मला वाटलं, अकोल्याचे लोक सभ्य आहेत.

दारात पार्वताबाई तूर पाखडत होत्या. मला पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सूप पडलं. उंबऱ्यावर मटकन बसल्या, तोंडावर पदर. म्हटलं, मुराळ्याला टाळायचं हे नवं नाटक दिसतं. मी थकून अंगणातल्या लिंबाखालीच टेकलो. बाईंनी तिथूनच विचारलं, "कोन गेलं, बापू?"

तेवढ्यात सुभद्रा बाहेर आली. माझ्या उघड्या डोक्याकडे तिनं पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं, रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि "माय गेली व माही" म्हणून जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या बायका धावल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे उघड्या डोक्यानं, मोकळ्या हातानं, एकटा माणूस दारात येतो तो एकाच कामासाठी येतो. मेल्याचा सांगावा घेऊन. घरात शिरत नाही, अंगणातच बसतो. मी तर झाडाखाली बसण्यापर्यंत सगळं रीतसर केलं होतं.

मी तोंड उघडलं. पण पार्वताबाई डोळे पुसत उठल्या आणि मुलाला, म्हणजे सुभद्राच्या नवऱ्याला, म्हणाल्या, "जानराव, सुनेचं बोचकं बांधा. तिले न्या लागते. मायच्या मातीले लेकीले नाई म्हनू नये."

दोन माणसं, दोन शिदोऱ्या आणि सगळ्या विनवण्यांनी जे झालं नाही ते झालं होतं. मी तोंड मिटलं. कोणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पण सुभद्रा जमिनीवर बसून कपाळ बडवत होती आणि तिचं पोट तिच्या मांडीवर टेकलं होतं, तेव्हा मी उठून लिंबाच्या पलीकडे गेलो. माझा हा हुशारपणा मला पुढे किती महाग पडेल कोण जाणे.

माघ शुद्ध १३. वाटेत.

काल संध्याकाळी पुंजारामला वेशीवरच गाठलं. दमणीत लाडवांची टोपली, नवं लुगडं, हळदकुंकू. मेलेल्या बाईच्या घरून एवढा थाट आला असता तर आमचंच तेरावं झालं असतं.

मालकीण मेली असं सांग, म्हटल्यावर पुंजाराम म्हणाला, "मालकीन मेली? परवा त मले शिव्या देऊन राहिली होती."

मी सगळं सांगितलं आणि म्हणालो की लाडू नदीत टाक आणि जरा रडका चेहरा कर. तो विचार करून म्हणाला, "रडतो. पन मालकिनीले तुमी मारलं, मी नाई, हे ध्यानात ठेवजा." लाडू मात्र नजरेआड झाले.

आज सकाळी निघायच्या वेळी पार्वताबाई स्वतः दमणीत येऊन बसल्या. मांडीवर झुणका-भाकरीची टोपली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे अशी कडू भाकर नेतात. म्हणाल्या, "विहीणबाई गेल्या आनं मी घरी बसू काय?" जानराव घरी थांबले. त्यांना सरकीची गाडी भरायची होती म्हणे. वेशीपर्यंत आले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

आता सुभद्राला खरं सांगावं कसं? बाई तिला क्षणभर सोडत नाहीत. सुनेच्या पाठीला हात घालून तिला धरून बसल्या आहेत. पळून जाईल अशी भीती असावी. मिनिटा-मिनिटाला पुंजारामवर ओरडतात, "हळू हाक, मुडद्या, हळू." चाकोरी आली की दमणी थांबवतात, तिला उतरवतात, चालवतात, परत बसवतात. स्वतःची उशी तिच्याखाली दिली आणि आपण फळीवर. या गतीनं आम्ही आठव्या महिन्यात पोचू. म्हाताऱ्या माणसांना वेळेची किंमत नसते.

माघ शुद्ध १४. मूर्तिजापूर.

दुपारी पार्वताबाई विहिरीवर गेल्या. मी सांगायला जवळ गेलो तर सुभद्रा बैलांच्या गवतात हात घालून काही चाचपत होती.

"दादा, गवतात लाडवाचा वास येऊन राहिला."

आणि तिनं टोपली बाहेर काढली. अन्न नदीत टाकायचं पाप पुंजारामनं केलं नव्हतं. तिनं एक लाडू फोडला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं.

"मेलेली माय ताजे लाडू कवा बांधून गेली?"

मी सगळं भडाभडा सांगितलं. वाटलं, मारेल. तिनं लाडू मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दोन दिवस पोटातलं पोर हाललं नाई, दादा. मले वाटलं थेही गेलं." एवढंच. माझ्याकडे न बघता तिनं दोन लाडू खाल्ले. खाताना मध्येच तिचा हात पोटावर गेला आणि ती हसली. मी पुंजारामच्या बैलांकडे तोंड करून उभा राहिलो. मला रडू आलं हे इथे लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कोणी वाचणार नाही.

पार्वताबाई परत आल्या तेव्हा सुभद्रा पदर तोंडावर घेऊन गदगदत होती. ती हसत होती. बाईंनी तिला छातीशी ओढून घेतलं आणि स्वतः रडू लागल्या. "मी हावो ना माय तुले," असं म्हणत होत्या. हे दृश्य मला फार वेळ पाहवलं नाही.

माघ वद्य १. अमरावती.

पोचलो. आधी पळत जाऊन मायला सावध करावं असा बेत होता. पण माय दारातच उभी होती, लेकीची वाट बघत, हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा.

पार्वताबाई टोपली सांभाळत उतरल्या. वर पाहिलं. समोर विहीण, ठणठणीत.

मायला काहीच माहीत नव्हतं. ती टोपलीकडे पाहून म्हणाली, "हे कडू भाकर कोनाची व? कोन गेलं?"

मी जमिनीकडे पाहत होतो. बाई आता मला दुचाकीसकट शाप देणार, सुनेचा हात धरणार आणि दमणी उलटी फिरवणार, हे मला दिसत होतं. पण त्यांनी टोपली ओट्यावर ठेवली, पुढे झाल्या आणि मायच्या तोंडावरून हात फिरवला, खरंच आहे ना अशी खात्री करावी तसा.

"तुमी हाव न," म्हणाल्या. "बरं झालं माय. लय बरं झालं."

मग ओट्यावर बसून सगळं बोलल्या. थोरल्या सुनेला सातव्या महिन्यात असाच भाऊ न्यायला आला होता. शिदोरी घेऊन, पागोटं बांधून. यांनीच हौसेनं ओटी भरून पाठवली होती. दोन महिन्यांनी तोच भाऊ आला. उघड्या डोक्यानं. लिंबाखाली बसला.

"माहेरी गेली थे गेलीच. मी तिचं तोंडबी नाई पाह्यलं. म्हून हिले पाठवत नोती." माझ्याकडे बोट केलं. "आनं हा त्याच झाडाखाली येऊन बसला. मले वाटलं, आता कोनाले नेते."

म्हणजे ती पोर अकोल्यात वारलीच नव्हती. माहेरी वारली होती, आणि आम्ही सुभद्राला माहेरीच ओढून आणत होतो. अख्ख्या वऱ्हाडाला माहीत असलेली गोष्ट अख्ख्या वऱ्हाडाला चुकीची माहीत होती, आणि मी तिच्यावर आठ दिवस शेरे मारत लिहीत होतो. मागची पानं वाचवत नाहीत. फाडावीशी वाटली, पण फाडली नाहीत.

मायनं विहिणीसाठी मनात काय काय साठवून ठेवलं होतं ते मला ठाऊक आहे. त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून निघालं नाही.

पार्वताबाई म्हणाल्या, "ठेवा तुमची लेक. पन मलेबी ठेवा. मी तिच्या खाटेपाशी राहीन."

मायनं माझी खोली रिकामी करायला सांगितली.

फाल्गुन वद्य ८

लिहिण्यासारखं काही नाही. मी पडवीत झोपतो. दोघी म्हाताऱ्या सकाळपासून भांडतात. सुभद्रानं ताक प्यावं की नाही, डाव्या कुशीवर निजावं की उजव्या, हळिवात गूळ किती. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत आहे, ते म्हणजे मी. अकोल्याकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्यांबरोबर गावात मायच्या मरणाची बातमी पसरली होती. रोज कोणी ना कोणी भेटायला येतं, आणि माय त्यांना स्वतः गुळपाणी देते. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणे, तेव्हा ती माझे उपकार मानते की काय असं वाटून विचारलं. झाडू घेऊन मागे लागली.

चैत्र शुद्ध १०, शके १७९१

काल पहाटे कळा सुरू झाल्या. आज दुपारपर्यंत संपल्या नाहीत. सुईण दोनदा बाहेर येऊन माझ्याकडे न बघता परत आत गेली. दोघी म्हाताऱ्या आत होत्या आणि भांडत नव्हत्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी भांडावं असं मला वाटत होतं.

ऊन कलताना पोर रडलं. मुलगी आहे. सुभद्रा बरी आहे. तिनं पाणी मागितलं, तिचा आवाज मी ऐकला.

पार्वताबाई बाहेर आल्या. साखरेची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी निंग. जानरावले सांग."

मी म्हटलं, आगगाडीनं लगेच जातो.

"कायनंबी जा. पन दुरूनच हास, बापू. अंगनात येईस्तोवर थांबू नोको. रस्त्यावरूनच हास."

चैत्र शुद्ध ११. अकोला.

आगगाडीनं बोरगावला उतरलो. लोहारानं चाक दुरुस्त करून ठेवलं होतं आणि दोन महिने गावाला दाखवून झालं होतं. दुचाकीवर बसलो आणि निघालो.

मोर्णेचं पाणी उतरून वर आलो तेव्हापासून हसायला सुरुवात केली. मुद्दाम हसणं फार अवघड काम आहे. गाल दुखतात. बाजारातले लोक थांबून बघत होते, एक पोरगी घाबरून आत पळाली. मी हसत राहिलो. गल्लीच्या तोंडापाशी वळलो तेव्हा पुढच्या टोकाला जानराव दिसले. दारात उभे होते. दोन महिने हा माणूस या रस्त्याकडे तोंड करून जेवला असेल.

त्यांनी मला ओळखलं. हातातली दोरी खाली पडली. माझं तोंड त्यांना नीट दिसेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मग धावत आले.